टेबलाशी मोठ्यानं

४ मे, सोमवार

बोलून बसले! आम्हा काळ्या लोकांच्या बेथनी चर्चच्या हॉलमध्ये यंदा पंचवीस माणसं रिपब्लिकन मतपत्रिका मागतील — हे मी आज सकाळी रेडिओवर, माझ्या कार्यक्रमात, सगळ्या काउंटीला ऐकू जाईल असं सांगितलं. वीस म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून पंचवीस निघालं.

कार्यक्रम संपायच्या आत फोन. पहिला अर्थातच आमच्या चर्चचे डीकन सग्ज. "सिस्टर व्हर्निस, मागच्या खेपेला किती होते हो?" तीन, म्हटलं. "तुम्हाला धरून?" मला धरून. "मग बाकीचे कुठून आणणार? पेगीबाईंच्या रिपब्लिकन क्लबातून उसने?" अख्खं गाव हसलं असणार. मीही हसले. हसू दे. एकोणीस मेला बघू.

नोव्हेंबरमध्ये पडद्याआड कोण काय करतं ते देव जाणे. पण मे महिन्यात पक्षांचे उमेदवार ठरतात, आणि तेव्हा इथे अलाबामात टेबलाशी उभं राहून तोंडानं सांगावं लागतं — ह्यांची मतपत्रिका द्या की त्यांची. एकच मिळते. आमच्या हॉलमध्ये त्या टेबलाशी कोण बसतं? माझी आई! अडतीस वर्षं. आणि मागे रांगेत त्या सगळ्या बायका, ज्यांनी आपले लंगोट बदलले. त्या पिढीजात डेमोक्रॅट बायकांसमोर तो शब्द उच्चारायचा. म्हणून तर माणसं माझ्या फुलांच्या दुकानात येऊन कुजबुजतात, "व्हर्निस, तुझं पटतं गं." पटतं ना? मग हॉलमध्ये बोला की!

५ मे

दुपारी आल्टन आला. शर्टाला रंग लागलेला, गाडीत स्वतःच्या नावाच्या पाट्या. माझा धाकटा भाऊ काउंटी कमिशनच्या जागेला उभा आहे — डेमोक्रॅट म्हणूनच, दुसरं काय. आमच्या भागात रिपब्लिकन कोणी उभंच राहत नाही, त्यामुळे मे महिन्यात जो जिंकला तो जिंकलाच.

"म्हणजे व्हर्नी, तू मला मत देणार नाहीस."

"दोन्ही मतपत्रिका देत असते तर दिलं असतं."

"सख्ख्या भावाला!"

मी गुलाबांचे काटे काढत राहिले. तो खुर्चीवर बसला, मग हसायलाच लागला. "ठेव तुझं मत तुझ्यापाशी. मी गल्ली न् गल्ली मोजलीय. समोरचा टॉलिव्हर म्हातारा झालाय, तिसऱ्या उमेदवाराला त्याची बायकोसुद्धा मत देणार नाही. पहिल्याच फेरीत अर्ध्याच्या वर जातो की नाही बघ." जाताना एक पाटी माझ्या दाराशी रोवून गेला, लबाड. मी ती काढली नाही.

अकरा वर्षं मी एकच गोष्ट सांगतेय. आपलं मत म्हणजे आजोबांचं घड्याळ नव्हे, बापाकडून मुलाकडे आपोआप जायला. मी नववीत होते तेव्हा शाळेचं छप्पर गळत होतं. आजही गळतंय, आणि दर खेपेला आपण त्याच माणसांना हार घालतो. ज्यांना आपलं मत खिशात आहे असं वाटतं ते खिसा कशाला तपासतील? हे मी लोकांना सांगायचं आणि भाऊ उभा राहिला की मुकाट्यानं त्यांचीच मतपत्रिका मागायची? मग ते घड्याळच झालं की.

तरी त्या पाटीकडे सारखी नजर जात होती. खोटं कशाला लिहू.

१० मे, रविवार — मातृदिन

पहाटेपासून कार्नेशन. ज्यांची आई आहे त्यांना लाल, ज्यांची गेली त्यांना पांढरं. चर्चच्या दाराशी टोपली घेऊन उभी राहिले आणि एकेकाच्या छातीला टाचत गेले. फूल घेताना सगळे गोड. "थँक यू, बेबी." आत गेल्यावर मात्र माझ्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा रिकामी! पंचवीसच्या आकड्याचा प्रताप.

रेव्हरंडनी प्रवचनात एसावाची गोष्ट घेतली. वाटीभर आमटीसाठी वारसा विकणारा एसाव. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी जोरात "आमेन!" म्हटलं. घ्या.

आई पुढच्या रांगेत, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे. मान वळवली नाही तिनं.

११ मे

आज अकरा नावं पक्की. केशकर्तनवाला लेमुएल म्हणाला, "मी येतो, पण माझ्या खुर्चीवर बसणाऱ्यांना आधी सांगू नका."

१४ मे

पेगी स्ट्रिंगफेलोकडे जेवण. ती इथल्या रिपब्लिकन पक्षाची अध्यक्ष. बाई मनानं चांगली आहे, पण मला बघितलं की तिचे डोळे भरून येतात, त्याचा मला वैताग. "व्हर्निस, किती धाडसी आहेस गं तू!" धाडस कसलं? मी कर भरते, दुकान चालवते, देवाला मानते, शाळेचं छप्पर दुरुस्त व्हावं म्हणते. फोटोच्या वेळी सगळ्या गोऱ्यांमध्ये मला नेहमीप्रमाणे मधोमध. म्हटलं, पेगी, आज मी कडेला उभी राहते, बघू फोटो सरळ येतो का. ती गोरीमोरी झाली! मग हसली. मग कडेला उभं राहू दिलं.

हे मी रेडिओवरही सांगणार आहे. त्यांच्याही खिशात मी नाही.

१८ मे, सोमवार

उद्या.

वीस नावं. पंचवीस नाहीत, पण वीस! संध्याकाळी आईकडे गेले. ती शेंगा सोलत होती. मीही बसले.

"आई, राग आलाय?"

"अडतीस वर्षं टेबलाशी बसतेय. कोण काय मागतो त्याचा राग करायचा नसतो."

"मी बाकीच्यांचं नाही विचारत."

तिनं पातेलं माझ्याकडे सरकवलं. "आल्टनच्या मागे अख्खा हॉल आहे. तुझ्या मागे कोण आहे गं?"

लागलं मला ते. "वीस माणसं आहेत!" म्हटलं.

"हं," म्हणाली. "कुजबुजणारी वीस."

आपलेच दात, आपलेच ओठ. उद्या तिलाच दाखवते, कुजबुजतात का बोलतात.

१९ मे, मंगळवार

कार्यक्रम संपवून सव्वानऊला हॉलमध्ये पोचले. रांग दारापर्यंत. तळलेल्या माशाचा वास — महिला मंडळानं दुपारची तयारी सकाळीच लावलेली. आई टेबलाशी, खाली स्वतःची उशी, डोळ्यांवर तो मोठा चष्मा.

"नाव?"

माझं नाव! तिनंच ठेवलेलं. "हॉब्डी. व्हर्निस हॉब्डी."

"कुठली मतपत्रिका?"

तव्यातला मासा तेवढा चुरचुरत होता. "रिपब्लिकन," म्हटलं — मला वाटलं त्याच्या दुप्पट मोठा आवाज निघाला. मागे डीकन सग्ज खोकले. कोणीतरी "प्रभू!" म्हणालं. हॉल असा थिजलेला बघून कळलंच, सकाळपासून तो शब्द इथे कोणी काढला नव्हता. मीच पहिली!

आईचा चेहरा हलला नाही. टॅबलेट माझ्याकडे फिरवला. "इथे सही कर. पेन नाही, बोटानं." आणि मग अगदी हळू, "कॉलर सरळ कर."

दिवसभर दुकानात लक्ष नव्हतं. एका पुष्पचक्रावर मयताचं नाव चुकीचं लिहिलं, पुन्हा केलं.

रात्री आठला आकडा आला. बेथनीच्या हॉलमध्ये रिपब्लिकन मतपत्रिका — तेवीस! तिनाचे तेवीस! पंचवीसला दोन कमी, पण माझ्या नावांपेक्षा तीन जास्त. म्हणजे मला न सांगता आलेलेही आहेत. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

२० मे, बुधवार

आल्टन पहिला. पण अर्ध्याला नऊ मतं कमी.

नऊ.

म्हणजे फेरमतदान, सोळा जूनला, टॉलिव्हरशी. आणि कायदा असा की मे महिन्यात ज्यानं एका पक्षाची मतपत्रिका घेतली त्याला जूनमध्ये दुसऱ्याची मिळत नाही. मी देऊ शकत नाही. लेमुएल देऊ शकत नाही. तेवीसपैकी कोणीच नाही.

सकाळी रेडिओवर तेवीसचा डंका वाजवायचा होता. वाजवला. फोनवर डीकन सग्ज होतेच: "अभिनंदन, सिस्टर. नऊ कमी पडली म्हणे तुमच्या भावाला. तेवीसातून नऊ गेले की किती उरतात हो?"

मी मधेच गाणं लावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

२३ मे

पण मी चुकले का? विचार केला, पुन्हा केला. नाही चुकले. नऊ माणसं घरात टीव्ही बघत बसली त्यांना कोणी विचारत नाही. आणि आल्टन चांगला असेल तर जूनमध्ये जिंकेल. माझ्या मतावर तरून जाणारा भाऊ नकोय मला, स्वतःच्या पायावर जिंकणारा हवा.

त्याला फोन केला. उचलला नाही.

३ जून

आल्टनच्या पाट्या टॉलिव्हरच्या माणसांनी वाकवल्या म्हणे. मी दुकान लवकर बंद करून नऊ पाट्या सरळ केल्या. मत देऊ शकत नाही, हातोडी तर मारू शकते.

१६ जून, मंगळवार

हरला. एकतीस मतांनी.

पाऊस होता, लोक बाहेर पडले नाहीत. मे महिन्यापेक्षा निम्मीही गर्दी नव्हती. आई दिवसभर टेबलाशी. मी तिला न्यायला गेले तेव्हा ती उशी बगलेत धरून पायरीवर उभी होती. गाडीत विचारलं, "तू तरी दिलंस ना त्याला?"

"टेबलाशी बसणाऱ्यानं मतांच्या गप्पा मारू नयेत," म्हणाली आणि काचेबाहेर बघत राहिली. थकलेली दिसली. अठ्ठ्याहत्तर वर्षं म्हणजे काही कमी नाहीत.

१७ जून

आज कार्यक्रमात शाळेच्या छपरावर बोलले. छप्पर भावाचं नाही, टॉलिव्हरचं नाही. टॉलिव्हरला विचारलं, आता चार वर्षं तुमची, पत्रा कधी घालताय? एक शिक्षिका फोनवर म्हणाली, "डेमोक्रॅट आहे मी, पण हे विचारत राहा." विचारणार. जिती आहे तोवर विचारणार.

२१ जून, रविवार

आईनं दोघांनाही जेवायला बोलावलं. कोलार्डची पालेभाजी, मक्याचा पाव, डुकराचं मांस. आल्टन आला, म्हणजे यावंच लागलं. पहिली वीस मिनिटं मीठ दे, मिरची दे.

मग मी म्हटलं, "आल्टन, बोल. जे काय असेल ते बोल."

"काय बोलू? तू जिंकलीस ना? तेवीस! ताटात कशाला बघतेस मग?"

"तू म्हणाला होतास, ठेव तुझं मत तुझ्यापाशी."

"म्हणालो होतो. माणूस म्हणतो गं! तू खरंच ठेवलंस!" काटा खाली ठेवला. डोळ्यांत पाणी, एवढा मोठा बाप्या. "दारोदार फिरलो मी, व्हर्नी. आणि ह्या घरातून मला मिळालं एकच मत. आईचं."

आई उठली. "पाव गार झालाय," म्हणाली आणि आत गेली. पाव चांगला वाफाळत होता. मला वाटलं, मुलांचं भांडण तिला बघवत नाही. दहा मिनिटांनी बाहेर आली ती तोच पाव घेऊन.

निघताना आल्टननं माझ्या दंडाला नुसता हात लावला. तेवढं पुरे. होईल. आमच्यात अबोला फार टिकत नाही, दोघांनाही बोलायची खोड.

मी चुकले नाही. पण जिंकलेही नाही, हे आज पहिल्यांदा मनापासून वाटलं.

२४ जून

पेगीला म्हटलं, तेवीस जणांना आभाराची कार्डं मी स्वतःच्या हातानं लिहिणार. मला न सांगता आलेले ते तीन कोण, तेही कळू दे. ती म्हणाली, निवडणूक कचेरीतून यादी काढून उद्या पाठवते, ज्या क्रमानं सह्या झाल्या त्या क्रमानं. तेवीस कार्डं आणली. फुलांची नाहीत, साधी.

२५ जून

यादी आली. मी पहिली नाही. मी दुसरी.

१. हॉब्डी, अर्लीन. सकाळी ७ वाजून १ मिनिट.

आई.