दमास्कसचे प्रवचन

दमास्कस, जून १९४५

चि. मोरेश्वरास अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. इथले जर्दाळू गोड आहेत. आईला एवढेच वाचून दाखव. तिचे गुडघे कसे आहेत? भिंगारचा हवालदार शलमोन रजेवर निघाला आहे, त्याच्या हाती पत्र देतो. सेन्सॉरच्या डोळ्यांना उगाच त्रास नको.

इथल्या अरबांनी स्वातंत्र्य मागितले, म्हणून फ्रेंचांनी शहरावर तोफा डागल्या. आमची इंग्रजी फौज मध्ये पडली, तेव्हा त्या थांबल्या. साहेब मला म्हणाला, "पंडितजी, रविवारी जवानांना सांगा, स्वातंत्र्य मागणाऱ्यांवर तोफ डागणे अधर्म आहे." मी गीतेच्या आधाराने तासभर सांगितले. पलटणीचा पंडित फुकट पगार खात नाही!

शेवटी शलमोन उठला. ख्रिस्ती असून तो माझे प्रवचन चुकवत नाही. पाद्री याहून लांबवतो म्हणे. "पंडितजी, हितं आलो ते बेस झालं, पोरंबाळं वाचली. पन बेचाळीसला आपल्याकडं गोळ्या चालल्या, तवा मधी कोन पडलं?"

मी साहेबाला विचारले. तो हसून म्हणाला, "ती आमची घरगुती बाब आहे."

मोरू, युद्ध संपताच स्वराज्य देऊ, या असल्याच साहेबांच्या शब्दावर विसंबून मी तुला आततायी म्हणालो. तू दोन वर्षे तुरुंगात होतास आणि मी एक ओळ लिहिली नाही. फसलो रे. वर श्लोक म्हणून इतरांनाही फसवले.

शलमोनला ओसरीवर नको, आत बसवून जेवू घाल.

वयाने मोठा म्हणून वर आशीर्वाद लिहिला. इथे मात्र तुला नमस्कार करतो.

तुझा दादा,
गंगाधर