कमी ते चांगलं

११ नोव्हेंबर १९९८, बारामती
ह्यांच्या डोक्यात तार घातली! कवटीला भोक पाडून! परवा इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले, मेंदूला सूज आलीये. तारेचं दुसरं टोक यंत्राला, यंत्रावर आकडा. "आतला दाब कळतो. वीसच्या खाली पाहिजे," म्हणाले डॉक्टर, आणि गेले. विचारायचं कुणाला?

१२ नोव्हेंबर
आमच्या कळसहून सगळा गाव भेटायला. चुलत सासरे मोहनराव अंगारा लावायला वाकले — हात थेट तारेवर! ओरडलेच मी. तर म्हणतात, "पोरीला बोलायची रीत न्हाय." नसू दे!
डॉक्टरांना विचारलं, बिनतारी नाही का मिळत? म्हणे परदेशात प्रयोग चाललेत. हितं कारखान्याच्या संचालकाच्या बंगल्यात बिनतारी फोन आला, आणि ह्यांना मात्र दावणीला बांधल्यासारखं ठेवलंय. चीड येते नुसती.

१४ नोव्हेंबर
टाळकंच सटकलं आज. आत्यांना — सासूबाईंना — ह्यांच्याजवळ बसवून चहाला खाली गेले. वर येऊन बघते तर आकडा एकतीस! आणि आत्या खुशीत. "वाढलं बघ गं! मगाशी अठराच व्हतं."
हे गावच्या डेअरीत दुधाची फॅट मोजतात. रोज सकाळी आत्यांच्या म्हशीचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवतात. चढला की भाव जास्त, आत्यांचा दिवस चांगला. तसंच वाटलं त्यांना. सिस्टरला हाक मारायची सोडून बघत बसल्या!
नाही नाही ते बोलले मी. "कमी झालं की चांगलं, आत्या! कमी! कळतंय का?" सगळ्यांसमोर. त्यांनी डोळ्याला पदर लावला. इंजेक्शननं आकडा उतरला. पण धोका टळला नाही म्हणतात.

१५ नोव्हेंबर
आत्या यंत्रासमोरून हलत नाहीत. जेवत नाहीत. एकवीस झाला तरी "सिस्टर! अवो सिस्टर!" सिस्टर वैतागली, मीही वैतागले. मला म्हणतात, "आता शिकले गं मी. कमी ते चांगलं."
राग जातच नाही माझा. कुणावर आहे तेही कळत नाही.

१७ नोव्हेंबर
आकडा चाळीसच्या खाली येईना. औषध लागू पडत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आशा धरू नका. आत्यांना हे सांगितलं नाही मी.

१८ नोव्हेंबर
औषधं घेऊन वर येत होते. जिन्यातच आत्यांनी माझे दोन्ही हात धरले. "उतरलं गं! पार उतरलं! शून्य दावतंय!" मागनं सिस्टर आली. तिनं माझ्याकडं बघून नकारार्थी मान हलवली.
जिन्यातच बसलेय. आत्यांनी मोहनरावांना पेढे आणायला पिटाळलंय.