करवतीसमोरचे दोन ठोके

सोमवार, ३ मार्च
रक्त भुशात लगेच जिरतं. लाल गोळे तेवढे उरतात. साडूभाऊंची दोन बोटं त्यातच सापडली – मीच उचलली, या हातांनी!

वखारीत करवतीचा नियम आहे. बटणावरच्याने ओरडायचं, "हात!" समोरच्याने म्हणायचं, "काढला!" मगच पातं सुरू. पंधरा वर्षांत मी एकदाही ओरडलो नाही. एवढ्या माणसांत आवाजच फुटत नाही. हातोडीने फळीवर दोन ठोके द्यायचो. जुन्या जोडीदाराला तेवढं पुरायचं. तो गेल्या आठवड्यात निवृत्त झाला. आज त्याच्या जागी साडूभाऊ, पहिलाच दिवस. त्यांना ठोक्यांचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं – लाज वाटली. सवयीने ठोके दिले आणि बटण दाबलं.

मंगळवार
फोरमन दवाखान्यात आला. साडूभाऊ पडल्यापडल्या म्हणाले, "हे ओरडले होते हो. माझंच लक्ष नव्हतं."

मेहुणी फणकारली, "हे? ओरडले? स्वतःच्या लग्नात पाणी खुणेने मागितलं यांनी!"

कुणी हसलं नाही.

गुरुवार
देवापुढे बसलो. तिथेही शब्द नाही. गावच्या शाळेत धडा वाचायला उभं केलं की पुस्तकात बघत नुसता उभा राहायचो. गुरुजींनी एकदा मानगूट धरून डोकं फळ्यावर आपटलं – "बोल!" चार माणसं दिसली की ती पकड अजून बसते.

उजवी मूठ न्हाणीघराच्या भिंतीवर हाणली. सालटं निघेपर्यंत.

शुक्रवार
माझ्या मुठीला पट्टी बांधताना डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. म्हणाल्या, "चार माणसांत आवाज न फुटणं हा भित्रेपणा नव्हे, आजार आहे. यावर उपचार असतात."

एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं! आधी रडू आलं. मग भिंतीवर पुन्हा मूठ हाणावीशी वाटली. आजार माझा, बोटं त्यांची.

सोमवार, १०
चौकशी. समोर बारा माणसं. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. देवाचं नाव घेतलं – मनातच.

"मी ओरडलो नव्हतो."

"मोठ्याने सांगा."

मोठ्याने सांगितलं.

मंगळवार
कामावरून काढलं.

संध्याकाळी साडूभाऊ आले. दारातच डाव्या हाताने कानाखाली वाजवली. आजवर अहो-जाहो करणारा माणूस! "जन्मभर मुका राहिलास, आणि नको तिथे तोंड उघडलंस? तुझी चूल पेटती राहावी म्हणून खोटं बोललो मी!"

पुन्हा हात उगारला.

"हात!" मी ओरडलो. शेजारची दारं उघडली.

ते थबकले. उगारलेला हात हळूच खाली आला.

"काढला," म्हणाले.