ज्याच्या खोलीत मी राहते

रविवार संध्याकाळ, पासिर रिस, सिंगापूर

रोस्ना आंटींचा मुलगा थायलंडमधल्या एका क्लबकडून फुटबॉल खेळतो. त्याची खोली मी भाड्याने घेतली आहे. दर रविवारी त्याची मॅच मी आंटींना माझ्या लॅपटॉपवर लावून देते. आज तो शेवटची अकरा मिनिटं मैदानावर होता. दोन पास चुकले, एक गोल अडवला.

"करार वाढला नाही तर घरी येईल," आंटी म्हणाल्या. मग इथल्या बोलण्यातला 'लाह' जोडत पुढे म्हणाल्या, "तू घाबरू नको लाह. दुसरी खोली मिळेपर्यंत राहा."

अकरा मिनिटं पुरतात का कराराला? त्याने चांगलं खेळावं म्हणून मी मुठी आवळून बसले होते. आंटींना वाटलं, मला फुटबॉल आवडायला लागला. मला फक्त हे घर सोडायचं नव्हतं. इथे कामावरून आल्यावर कोणीतरी "जेवलीस का?" विचारतं. त्याने दूरच राहावं असं वाटायला हे कारण पुरेसं आहे का?

जेवणानंतर त्याचा फोन आला. करार वर्षभर वाढला.

"छान झालं. नीट खात जा," आंटी त्याला म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

मी फडकं घेऊन शेजारी उभी राहिले. सुटल्यासारखं वाटत होतं. त्यांना ते दिसू नये म्हणून खाली बघून ताटं पुसत राहिले.