साडेसहा फेरे

ता. ९ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी दूध घेतलं, विजेचं बिल भरलं, दुपारी गॅरेजात जाऊन आलो. तू फोनवर विचारतेस आणि मी ‘बरं आहे’ म्हणतो, पुढं काही सुचत नाही. म्हणून लिहितो.

आईच्या गाडीचा क्लच गेला आहे आणि दारांखालचा पत्रा गंजला आहे. मेकॅनिक म्हणाला, काका, इंजिन अजून वाघ आहे, पण याचे पार्ट शोधावे लागतील, महिना जाईल. चौकातला दातांचा डॉक्टर ती आहे तशी घ्यायला तयार आहे. दिसायला भाजी आणायची गाडी आणि पोटात शर्यतीचं इंजिन, अशी आता मिळत नाही म्हणतो. रविवारी उत्तर द्यायचं आहे. मी हो म्हणणार आहे. ती गाडी दारात नको वाटते.

कारण तुला सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी मी शेजारी बसलेलो असताना आईनं वळणावर दोन ट्रक एका दमात मागे टाकले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली एक बोल्ट बसवला, पेडल तळापर्यंत जाऊ नये म्हणून. जन्मभर लिफ्ट तपासल्या. वेगाला अटकाव हवा, एवढंच मला येतं. दर महिन्याला पट्टी लावून बोल्टची उंची बघायचो. एक मिलिमीटरही कधी हलला नाही. ती म्हणायची, गाडी थकली हो, माझ्यासारखी. मी मान डोलवायचो. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातही तसंच म्हणाली. तेव्हाही मी मान डोलवली.

लोभ आहे तसाच राहू दे.
बाबा


ता. १२ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग भात करपवला.

बाबा, आईला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला पेडल अडलेलं कळणार नाही? माझ्याकडे निघाली की ती गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर थांबायची आणि बोल्ट साडेसहा फेरे खाली करायची. इथं उतरायची तेव्हा कॉलेजातल्या पोरीसारखी दिसायची. परत निघताना आमच्या फाटकाशी गुडघे टेकून पुन्हा साडेसहा फेरे वर. म्हणायची, थांब, आता ही तुझ्या बाबांची गाडी करते, त्यांना पट्टी लावायची असते. तुम्ही पट्टी लावायचात तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायची. मी एकदा चिडले, म्हटलं, सरळ भांड ना त्यांच्याशी. तर म्हणाली, अगं, त्या बोल्टवर त्यांना झोप लागते. मला शपथ घातली होती. ती आज मोडली.

पाना तिच्या सीटखाली, चष्म्याच्या जुन्या डबीत असेल.

गाडी काढा असं मीच म्हणत होते. आताही ठेवाच असं म्हणत नाही. पण त्या बोल्टपायी काढत असाल, तर काढू नका. तुम्ही तिचं काही हिरावलं नव्हतं. डॉक्टरांना कोरायला गावभर दात आहेत.

दोन्ही वेळा जेवा. आशीर्वाद इकडे येत राहू देत.
तुमची मुंगी


ता. २१ एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी काल घरी आली. क्लच नवा आहे. पत्रा जोडला तिथं रंग थोडा वेगळा दिसतो. डॉक्टरला मी त्याच रविवारी नाही म्हणालो. त्यानं वाईट मानलं नाही. माझी दाढ मात्र दाखवून जा म्हणाला. मेकॅनिकनं विचारलं, काका, हा बोल्ट काढून टाकू का. राहू दे म्हटलं, मी बघतो.

डबी तू म्हणालीस तिथंच होती. पाना तिच्या रुमालात गुंडाळलेला. बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजून गोल झाले आहेत. मी बारा वर्षं उंची मोजली, कोपऱ्यांकडे बघितलं नाही. लिफ्टमधला बोल्ट असा दिसला असता तर त्याच दिवशी मी लिफ्ट बंद केली असती.

ती पोचल्याचा फोन नेहमी बरोबर साडेचार तासांनी यायचा. खरं ती किती तासांत पोचायची, ते भेटल्यावर सांग. पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येतो. मला सहा तास लागतील, वाटेकडे डोळे लावून बसू नकोस.

जावईबापूंना नमस्कार सांग. तुझा लोभ आहेच, तो पुरतो.
बाबा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी खाली जाऊन आलो. साडेसहा फेरे मोजून दिले. इंजिन बंदच होतं. पेडल हातानं दाबलं, ते तळाला टेकलं. रुमालाला ग्रीस लागलं होतं. तो धुऊन वाळत घातला आहे.