चौथा गाइड

प्रिय टिकलू,

मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी तू संगणकावरच्या आराखड्यातली माझी वळणाची रेषा, माझा चौथा गाइड, पुसलास. नाही म्हणायचे कष्ट घेऊ नकोस. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी खुर्चीच्या पाठीच्या त्या फाइलवरून माझं नाव काढायचं तुमच्या कारखान्यात कुणाला सुचलेलं नाही. त्यामुळे कोणी काही बदललं की मला मेल येतो. कारणाच्या रकान्यात तू लिहिलंयस, 'अनावश्यक रेषा काढली.' अनावश्यक! हातातला चहा हातातच गार झाला.

फोन केला तर तू हसलीस. "मावशी, तो गाइड तिसऱ्या छेदाला टेकतच नव्हता गं, सारखी एरर येत होती. काढला, आणि बघ, पाठ कशी लोण्यासारखी गुळगुळीत झाली!" अगं, टेकेल कसा? आदल्या दिवशी तूच तो छेद, पाठीचा तो आडवा काप, चार मिलिमीटर आत ओढलास, प्लास्टिक वाचवायला. तोही मेल आहे माझ्याकडे. स्वतः भिंत सरकवायची आणि दार बसत नाही म्हणून दारच फेकून द्यायचं, हे कुठलं शहाणपण? कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला सिस्टर आमची टीप पट्टीने मोजायच्या आणि वाकडी निघाली की तीच पट्टी बोटांवर बसायची. तुला कधी बोटही लावलं नाही, तिथेच चुकलं माझं.

तू बारा वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावर पाच वाट्या उपड्या मांडून त्यांच्यावर ओला रुमाल पसरला होता, आठवतं? वाट्या म्हणजे छेद, रुमाल म्हणजे पृष्ठभाग. दोन वाट्यांच्या मधे रुमाल मनाला येईल तसा झोळ खात होता. मग मी खालून दोरा, म्हणजे गाइड, ताणला आणि तो मुकाट्याने दोऱ्यावरून वळला. टाळ्या पिटत तू म्हणालीस, "म्हणजे दोरा साहेब आहे!" आता तूच साहेब झालीस आणि दोरा कापलास. गाइड नसेल तिथे संगणक अंदाज बांधतो. त्याला पाठ नाही, टिकलू. त्याचं काय दुखणार?

आपण व्हीलचेअरच्या पाठी करतो, फुलदाण्या नाही. चौथा गाइड डाव्या खांद्याखाली अकरा मिलिमीटर बाहेर फुगतो, तो मला नक्षीची हौस होती म्हणून नव्हे. ज्यांचा कणा वाकलेला, त्यांचं हाड तिथे येतं. तुझ्या लोण्यावर ते घासेल. पहिल्या दिवशी कातडी लाल, आठवड्याने जखम. "मावशी, तू आता आराम कर," म्हणालीस. आराम मी मेल्यावर करीन.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं नाही. ते आजवर तोंडातून काढलेलं नाही, कारण ताईने, तुझ्या आईने, मला शपथ घातली होती. तू नऊ वर्षांची होतीस. शाळेच्या फाटकापाशी तिला म्हणालीस, "आई, तू आत येऊ नकोस, मुली तुझ्या पाठीकडे बघतात." त्यानंतर ती तुझ्याकडे पाठ करून कधी उभी राहिली नाही. लहान होतीस, राग कुणालाच नाही. त्याच वर्षी मी तिला स्टुलावर बसवलं आणि लवचीक पट्टी तिच्या उघड्या पाठीवर दाबून चौथ्या गाइडचा तो वक्र उतरवला. "मेले, किती गार आहे गं!" म्हणून ती ओरडली, आणि मग हळूच म्हणाली, "हे टिकलूला कळू देऊ नकोस." तुला वाटतं, ताईची खुर्ची कारखान्याच्या मापाची आहे. उलटं आहे. कारखान्याचं माप ताईचं आहे. तिच्या खुर्चीची पाठ गेल्या महिन्यात तडकली. नवी, तुझ्या या साच्यातली पहिली, तिला मिळायची आहे. शपथ आज मी मोडली, तिच्या शिव्या मी खाईन. मला तुझी माफी नको, रडणं तर नकोच. सोमवारी, २४ तारखेला सकाळी नऊला साचा कापायला घेणार आहेत. तिसरा छेद जागेवर आणि चौथा गाइड त्याला टेकलेला, असं सही करून, कागदावर लिहून मला शुक्रवार, २१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत हवं. नाहीतर पाच वाजून एका मिनिटाने मी कारखान्याच्या दारात असेन, आणि ताईची खुर्ची मी ढकलत आणलेली असेल. या वेळी ती आत येईल.

तुझीच, अजून न थकलेली,
मावशी