दारावरचा लोहचुंबक

प्रिय धाकट्या,

फोनवर तुझं 'काय गं ताई' ऐकलं की मी वितळते, म्हणून लिहून पाठवतेय. बसून सगळं वाच.

माझं काम तुला ठाऊक आहे. कारखान्यात कुणाला इजा झाली की विमा कंपनी मला पाठवते. कामगार आणि मालक सोडून तिसऱ्या कुणाची चूक होती का, ते मी शोधते. तू चिडवायचास, 'ताईचा धंदा काय, तर खापर फोडायला तिसरं डोकं शोधणं.' गेल्या आठवड्यात खोक्यांच्या कारखान्यात गेले. पुठ्ठा दाबणाऱ्या मशीनमध्ये एका बाईची तीन बोटं गेली होती. मॅनेजर म्हणाला, बाईच धांदरट. दवाखान्यात ती मला म्हणाली, "मॅडम, मशीनचं दार उघडलं की ते थांबतंच, असं शिकवलंय आम्हाला. म्हणून तर अडकलेला पुठ्ठा काढायला हात घातला." बोलताना बँडेजचा हात उशीखाली सारत होती, जणू तिनंच काही चोरलंय.

परत जाऊन बंद ठेवलेल्या मशीनचं दार उघडून पाहिलं. आतल्या सेन्सरवर लोहचुंबक चिकटवलेला. म्हणजे दार सताड उघडं असलं तरी मशीनला ते लागलेलंच वाटणार. कागदोपत्री दुरुस्ती एका ठेकेदाराची, त्यामुळे तू अशीच मशीनं दुरुस्त करतोस तरी माझ्या मनात काही आलं नव्हतं. पण ती निळी चिकटपट्टी, आणि काढायला सोपं जावं म्हणून तिचं टोक दुमडून ठेवलेला इवलासा कान! असा कान ठेवणारा माझ्या माहितीत एकच माणूस आहे. ठेकेदारानं कुणाला पाठवलं होतं, विचारलं. मॅनेजरनं तुझंच वर्णन केलं, वर कौतुकही. "हुशार पोरगा. काम अडू दिलं नाही."

तो फोन घ्यायला वळला आणि मी लोहचुंबक काढून पर्समध्ये टाकला. इतकी वर्षं लोकांच्या लपवाछपवीवर नाक मुरडलं आणि घरच्यांवर वेळ येताच हे! दुसऱ्या दिवशी अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढं लिहिलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोटं तिची गेली होती, आणि वर चूकही मी तिच्याच पदरात टाकत होते.

आज तो लोहचुंबक माझ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. मी लपवला हे सांगितलं, तू माझा भाऊ हेही. फाईल आता दुसऱ्याकडे गेलीय. माझं व्हायचं ते होईल. तो माणूस या आठवड्यातच तुझ्याकडे येईल. नवा सेन्सर मिळत नव्हता, वरून घाई चालली होती, असं काही असेल तर तेही सांग. पण 'चुंबक मी लावला' हे आधी सांग. ताई सांभाळून घेईल या भरवशावर राहू नकोस, म्हणून हे पत्र. एकदा घेतलं सांभाळून, त्याची लाज अजून अंगावरून उतरत नाही. आईला मी काही बोललेले नाही. तिला तूच सांगायचंस. मी शेजारी बसेन.

काही झालं तरी तुझीच,
ताई